सुरत जिल्ह्याची दक्षिण हद्द: दान कोणी दिले आणि कशाचे?

संयुक्त महाराष्ट्राचा विषय निघाला की बेळगाव, कारवार, निपाणीच्या पाठोपाठ एक तक्रार हळूच पुढे येते: मुंबई मिळवताना आपण डांग आणि उंबरगाव गुजरातला देऊन बसलो. सुरतेतल्या मराठी मंडळींत ती जरा अधिक ठसक्याने ऐकू येते, कारण मुंबईला जाता-येता त्यांची गाडी त्याच मुलखातून जाते. तक्रारीच्या पोटात एक सिद्धान्त आहे. मराठी मुलूख आणि गुजराती मुलूख यांच्यात एक जुनी, सर्वांना ठाऊक असलेली शीव होती, १९६० साली ती राजकारण्यांनी मोडली आणि जुन्या सुरत जिल्ह्याचे दक्षिण टोक त्या मोडतोडीतून तयार झाले, असा तो सिद्धान्त. मला तो मान्य नाही. पण अर्धवट पूर्वपक्ष पाडण्यात पुरुषार्थ नसतो, म्हणून आधी तो पुऱ्या ताकदीने मांडतो.

पूर्वपक्ष म्हणतो, कोकणाची उत्तर मर्यादा दमणगंगा. शाळेच्या भूगोलापासून जुन्या गॅझेटियरपर्यंत हेच सांगितले गेले आहे, आणि उंबरगाव दमणगंगेच्या दक्षिणेला आहे. दुसरे, १ मे १९६० पर्यंत उंबरगाव तालुका ठाणे जिल्ह्यात होता. सुरतेशी त्याचा महसुली संबंध नव्हता. तिसरे, डांगचा कारभार इंग्रजांनी सुरुवातीला खानदेशातून चालवला. चौथे, तिथले वारली आणि कोकणा यांच्या बोली मराठीच्या जवळच्या. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणात वारली मराठीच्याच खंडात आहे. आणि पाचवे, भावनेला सर्वांत भिडणारे: हा मुलूख मराठ्यांचा होता. मोरोपंत पिंगळ्यांनी १६७२ मध्ये जव्हार आणि रामनगर घेतले, पुढे वलसाडजवळचा पारनेरा किल्ला स्वराज्यात आला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा दमणच्या वेशीपर्यंतचा किनारा पेशव्यांच्या हाती पडला.

यातले एकही विधान खोटे नाही. खोट निष्कर्षात आहे, आणि ती दाखवायची तर उंबरगाव बाजूला ठेवून आधी सुरत जिल्हा मुळात कसा जमला ते पाहावे लागते.

अकबराने १५७३ मध्ये सुरतेचा किल्ला घेतला आणि पुढे सुरत हे मोगल राज्यव्यवस्थेतले एक सरकार झाले. किनाऱ्यावर बंदर, मागे परगण्यांचा पट्टा. अठराव्या शतकाच्या आरंभी पिलाजी गायकवाडांनी सोनगड हे ठाणे केले आणि तिथून या परगण्यांवर मराठी अंमल पसरला. सुरतेभोवतीच्या या अठ्ठावीस परगण्यांना मराठी कागदांत ‘सुरत अठ्ठावीशी’ म्हणतात. १७५१ मध्ये दमाजी गायकवाड पुण्यात पेशव्यांच्या कैदेत पडले. सुटकेची किंमत म्हणून त्यांना गुजरातेतला निम्मा मुलूख पेशव्यांना तोडून द्यावा लागला, आणि त्या वाटणीत अठ्ठावीशीही आली.

ती वाटणी कशी झाली, हे या सगळ्या प्रकरणाचे मर्म आहे. नदी घेतली, अलीकडचे तुझे, पलीकडचे माझे, असे झाले नाही. महाल उत्पन्नाच्या आकड्यावर वाटले गेले. पारनेरा, वलसाड पेशव्यांकडे. नवसारी, गणदेवी गायकवाडांकडे. दोन्ही धन्यांचे कमावीसदार एकमेकांच्या शेजारी बसून वसुली करू लागले. कुठे मुलूख एकाचा आणि त्यावरची चौथ दुसऱ्याची. खुद्द सुरत शहरात नवाब मोगलांचा, १७५९ पासून किल्ला इंग्रजांचा, आणि उत्पन्नावर चौथ मराठ्यांची.

त्यात आणखी एक ठिगळ नाना फडणवीसांच्या काळात लागले. जंजिऱ्याच्या गादीवरून भांडणारा सिद्दी पुण्याच्या आश्रयाला आला. १७९१ मध्ये त्याने जंजिऱ्यावरचा हक्क पेशव्यांना लिहून दिला आणि बदल्यात त्याला सुरतेच्या दक्षिणेला सचिनची जहागीर मिळाली. जंजिरा पेशव्यांना कधीच मिळाला नाही. सचिनचे नवाबी संस्थान मात्र विखुरलेल्या गावांनिशी १९४८ पर्यंत टिकले. रायगड जिल्ह्यातल्या एका अजिंक्य किल्ल्याचा पुण्यात झालेला हा कागदी सौदा सुरत जिल्ह्याच्या नकाशात दीडशे वर्षे भोक पाडून बसला. यात भाषा कुठे आली?

मग इंग्रज. मे १८०० मध्ये त्यांनी सुरतेच्या नवाबाला पेन्शनीवर बसवून शहराचा कारभार ताब्यात घेतला. शहराला लागून असलेली चौऱ्याऐंशी गावांची ‘चोऱ्याशी’ गायकवाडांकडून मिळवली. आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईच्या तहात दुसऱ्या बाजीरावाने तैनाती फौजेच्या खर्चापोटी २६ लाखांचा मुलूख लिहून दिला, त्यात अठ्ठावीशीतले पेशव्यांचे महाल होते, पारनेरा होता, वलसाड होते, सुरतेची चौथही होती. १८३९ मध्ये मांडवीचे छोटे संस्थान खालसा होऊन जिल्ह्याला जोडले गेले. या तुकड्यांची गोळाबेरीज म्हणजे इंग्रजी अमलातला सुरत जिल्हा. गायकवाडांच्या वाट्याचे महाल अर्थात इंग्रजांना मिळाले नाहीत. त्यांचा बडोदा राज्याचा नवसारी प्रांत झाला. तो जिल्ह्याच्या मधोमध आडवा पसरला होता, इतका की जिल्ह्याचा वायव्य भाग आणि आग्नेय भाग यांच्यामध्ये गायकवाडी मुलखाचा रुंद पट्टा आहे, अशी नोंद सरकारी गॅझेटियरलाच करावी लागली.

म्हणजे ज्याला आपण इंग्रजांनी आखलेला जिल्हा म्हणतो, तो मुख्यतः पेशवे आणि गायकवाड यांच्या वाटणीपत्राची इंग्रजी प्रत आहे. आखणी पुण्यात झाली होती.

या तुकडेजोडीचा उपयोग सामान्य माणसाने मोठ्या हुशारीने केला. १९२८ च्या बारडोली सत्याग्रहात जप्तीवाले आले की गुरेढोरे शेजारच्या गायकवाडी गावात नेऊन ठेवता येत. १९३०-३१ मध्ये तर बारडोलीची कुटुंबेच्या कुटुंबे हिजरत करून बडोद्याच्या हद्दीत राहायला गेली. दांडीयात्रेच्या शेवटच्या टप्प्यात गांधीजी सुरतेहून नवसारीला आले ते गायकवाडी मुलखात, आणि तिथून दांडीला पोचले ते पुन्हा इंग्रजी जलालपूर तालुक्यात. मिठाचा कायदा तिथे मोडायचा होता, आणि तो इंग्रज सरकारचा होता. त्या काळी सुरतेहून वलसाडपर्यंत रेल्वेने जाणारा माणूस इंग्रजी हद्दीतून निघून नवाबाच्या सचिनमधून गायकवाडांच्या नवसारीत, मग इंग्रजी गावे ओलांडून गायकवाडांच्या बिलिमोऱ्यात आणि तिथून परत इंग्रजी वलसाडात उतरत असे. प्रवासभर भाषा तीच, धनी मात्र दर काही मैलांनी निराळा.

आता उंबरगावकडे वळू. ते ठाणे जिल्ह्यात का होते? पूर्वपक्ष म्हणेल, मराठी होते म्हणून. कागद वेगळे सांगतात. दमणच्या दक्षिणेचा किनारा सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांतात होता; वसई हे त्या प्रांताचे केंद्र. चिमाजी अप्पांच्या मोहिमेनंतर तो पेशव्यांकडे आला तो वसईच्या सुभ्याबरोबर, अठ्ठावीशीबरोबर नव्हे. म्हणून वसईच्या तहात पारनेरा-वलसाड गेले तरी उत्तर कोकण पेशव्यांकडेच राहिले आणि जून १८१७ च्या पुणे कराराने ते इंग्रजांना मिळाले. १८०२ मध्ये आलेले महाल सुरतेच्या कलेक्टरकडे, १८१७ मध्ये आलेले ठाण्याकडे, आणि दोहोंच्या मध्ये पोर्तुगीजांचे दमण. ठाणे-सुरत हद्द ही माझ्या मते दोन तहांमधल्या पंधरा वर्षांची खूण आहे. इंग्रज अधिकाऱ्यांनी तिथे कोणती भाषा बोलली जाते हे विचारून रेघ मारली असती, तर पुढच्या शतकात भाषेचे सर्वेक्षण करण्याची गरजच पडली नसती.

राहिली दमणगंगा. नदी म्हणजे नैसर्गिक सीमा, ही समजूत शाळेच्या नकाशातून आलेली. ही नदी दमण शहराच्या मधून वाहते. नानी दमण उत्तर काठावर, मोटी दमण दक्षिण काठावर, आणि पोर्तुगीजांनी १५५९ पासून १९६१ पर्यंत दोन्ही काठ एकाच अमलाखाली ठेवले. वरच्या अंगाला नगर हवेलीतही ती मधूनच वाहते. जी नदी चारशे वर्षे एका शहराचे दोन तुकडे करू शकली नाही, तिच्यावर दोन राज्यांचा भार कसा टाकायचा?

नगर हवेलीचा उल्लेख आला, तर तिथे थोडे थांबू, कारण ‘मुलूख कोणाचा’ या प्रश्नाची एवढी कसून चौकशी या भागात दुसरीकडे झालेली नाही, आणि ती झाली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात. मराठा आरमाराने पोर्तुगीजांचे ‘सांताना’ नावाचे जहाज पकडले होते. पुढे मैत्रीचा तह झाला आणि भरपाई म्हणून पेशव्यांनी दमणजवळच्या गावांचे बारा हजार रुपयांचे उत्पन्न पोर्तुगीजांना लावून दिले. १७८३ आणि १७८५ च्या सनदांनी ती गावे ठरली. हा मुलूख रामनगरच्या राजाकडून पेशव्यांनी आधीच काढून घेतलेला. जुलै-ऑगस्ट १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली मुक्त झाली. त्यानंतर पोर्तुगालने भारतातून तिथे जाण्याच्या वाटेचा हक्क सांगत खटला भरला. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. न्यायालयाने मराठी कागद तपासून सांगितले की पेशव्यांनी दिला होता तो सरंजाम, म्हणजे महसुलाचा हक्क. सार्वभौमत्व दिले नव्हते. पोर्तुगीजांचे सार्वभौमत्व पुढे इंग्रजांनी गृहीत धरले आणि तेच रूढ झाले.

तीनच आठवड्यांनी, १ मे १९६० ला, त्याच मुलखाला चिकटून गुजरात आणि महाराष्ट्र यांची हद्द अमलात आली. हेगमध्ये लागू पडलेला विवेक आपण आपल्या तक्रारीला लावून पाहत नाही. मराठ्यांचा अंमल होता म्हणजे बहुतेक ठिकाणी मराठ्यांचा वसुलीचा हक्क होता. तो हक्क जर भाषिक राज्याचा दाखला ठरत असेल, तर बडोदा आपले, नवसारी आपले, सुरतेभोवतीची चोऱ्याशी आपली, अहमदाबादची निम्मी वाटणीही आपली. एवढा मोठा दावा कोणी शुद्धीवर असलेला माणूस करत नाही. मग उंबरगावापुरताच तो कसा चालेल?

हाच न्याय गुजराती बाजूलाही लावायला हवा. तिकडचे अभिमानी म्हणत, की किनारपट्टी संजाण-डहाणूपर्यंत गुजरातचीच; संजाणला पारशी उतरले, व्यापाराची बोली गुजराती, आणि वसई तर १५३४ पर्यंत गुजरातच्या सुलतानाकडे होती. पण सुलतानाचा अंमल हा पुरावा धरला तर मुंबईही गुजरातची ठरते. १९५० च्या दशकात असे म्हणणारे होतेही. संजाणबद्दल तर चिंचणी इथे सापडलेला ताम्रपट दोघांचीही पंचाईत करतो. शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा हा लेख. त्या वेळी संयान मंडलाचा कारभार राष्ट्रकूट राजाच्या वतीने एक अरब अधिकारी पाहत होता. राजा मान्यखेटचा, अधिकारी ताजिक, दान ब्राह्मणांच्या मठाला. यात गुजरात कुठे आणि महाराष्ट्र कुठे, ते ज्याने त्याने शोधावे.

डांगचे प्रकरण मात्र अधिक गुंतागुंतीचे आहे आणि तिथे तक्रारकर्त्यांचे म्हणणे मी इतके सहज झटकत नाही. १८४२ पासून इंग्रजांनी डांगच्या भिल्ल राजांकडून जंगल भाडेपट्ट्याने घेतले ते सागासाठी. आहव्याच्या डांग दरबारात त्या राजांच्या वंशजांना आजही सरकारी मानधन दिले जाते, हा त्याच व्यवहाराचा अवशेष. देखरेख आधी खानदेशाकडे होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती सुरतेच्या कलेक्टरकडे गेली. लाकूड पश्चिमेला उतरत होते. पुढे गायकवाडांनी बिलिमोरा ते वघई अशी अरुंद रेल्वे टाकली ती त्याच वाटेने. प्रशासन लाकडामागे गेले आणि सरतेशेवटी राज्याची हद्द प्रशासनामागे गेली. १९४९ मध्ये मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि मोरारजी देसाई डांगच्या दौऱ्यावर गेले, तेव्हापासून तिथल्या शाळांची भाषा कोणती यावर वर्तमानपत्रे पेटली. डांगी मराठीजवळची, असे आपण म्हणत होतो. गुजरातीजवळची, असे ते म्हणत होते.

आपला युक्तिवाद असा होता: डांगी ही खानदेशीची पोटबोली, खानदेशी ही मराठी, म्हणून डांग मराठी. पहिली कडी ग्रिअर्सनला मान्य आहे. दुसरी नाही. त्याच्या सर्वेक्षणात खानदेशी मराठीच्या सातव्या खंडात नाही, ती भिल्ली बोलींबरोबर नवव्या खंडात आहे, गुजरातीच्या अंगाने. म्हणजे वारलीसाठी आपण ज्याला साक्षीला बोलावतो, तोच साक्षीदार डांगला आपल्याविरुद्ध बोलतो. म्हणून डांगी गुजराती ठरत नाही. डांग्यांना गुजराती शाळा देणे हा निर्णय राजकीय होता, भाषाशास्त्रीय नव्हता. तसाच तो मराठी शाळा देण्याचा असता, तरीही राजकीयच असता. डांगच्या माणसाला स्वतःच्या बोलीत पहिली इयत्ता शिकवण्याचा आग्रह त्या दोन्ही पक्षांत कोणी धरला नाही, ही माझी त्या वादाविषयीची मुख्य नाराजी आहे.

उंबरगावात तर १९६० ची रेघ जिल्ह्याच्या जुन्या हद्दीवरून गेलीच नाही. मुंबई पुनर्रचना कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात गावांची नावे आहेत. तालुका अख्खा उचलून दिलेला नाही, तो गावागावाने चिरला. किनाऱ्याकडची, बाजाराची, रेल्वेच्या बाजूची गावे गुजरातेत गेली. तलासरीकडचा वारल्यांचा डोंगराळ भाग महाराष्ट्रात राहिला आणि त्याचा पुढे तलासरी तालुका झाला. वारली बोलीचा जो पुरावा आपण उगाळतो, त्याचा मोठा हिस्सा आपल्याच पदरात पडला आहे. मे १९४५ मध्ये गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली जमले ते याच जुन्या उंबरगाव तालुक्यातल्या झरी गावी. त्यांचा झगडा वेठबिगारीशी होता, आणि त्यांना राबवणाऱ्या जमीनदारांत पारशी, गुजराती आणि मराठी असे सगळेच होते.

त्याच कायद्याने पश्चिम खानदेशातली नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा, तळोदा या तालुक्यांतली गावेही गुजरातला गेली. ‘उंबरगाव दिले’ म्हणणाऱ्यांना याचा बहुधा पत्ताच नसतो. उच्छल-निझरकडच्या त्या पट्ट्यात आज उकाईचा जलाशय पसरलेला आहे. त्या गावांसाठी कोणी अश्रू ढाळले असतील, तर ते तिथल्या विस्थापितांनी.

म्हणून माझा उत्तरपक्ष एवढाच: १९६० मध्ये गावे दिली-घेतली गेली हे खरे, पण कोणतीतरी जुनी, पवित्र भाषिक शीव मोडून दिली गेली हे खरे नाही, कारण तशी शीव तिथे नव्हती. होते ते वाटणीपत्र, तह, सनदा, भाडेपट्टे. ती रेघ योग्य होती असेही मी म्हणत नाही. मुंबईच्या मोबदल्यात देवघेव झाली, तिथल्या लोकांना कोणी विचारले नाही, हा आक्षेप रास्त आहे. मात्र तो आक्षेप लोकशाहीच्या नावाने घ्यावा, इतिहासाच्या नव्हे. १९६० चा सुरत जिल्हाही टिकला नाहीच. १९६४ मध्ये वलसाड निघाले, त्यातून १९९७ मध्ये नवसारी, आणि सुरतेतून २००७ मध्ये तापी. उंबरगाव आज वलसाड जिल्ह्यात आहे, सोनगड तापी जिल्ह्यात.

२०२२ च्या अखेरीस नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा तालुक्यातल्या काही गावांनी आम्हाला गुजरातेत घाला अशी मागणी केली. कारणे रस्ता, पाणी, दवाखाना. ज्यांना ती मागणी झोंबली त्यांनी आधी त्या गावांचे रस्ते पाहावेत.

आणि सुरतेतल्या मराठी माणसांना एक विनंती. लिंबायत, उधना, पांडेसरा इथली मराठी वस्ती शिवाजी महाराजांबरोबर आलेली नाही; ती तापीखोऱ्याच्या रेल्वेने जळगाव-धुळे-नंदुरबारकडून यंत्रमागावर काम करायला आली. सुरत महापालिका आजही मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळा चालवते. उंबरगाव परत मिळवण्याचे ठराव मांडण्याऐवजी त्या शाळांत आपली मुले किती आहेत, मराठीचे शिक्षक किती आहेत, पुस्तके जूनमध्ये पोचतात की ऑगस्टमध्ये, याची चौकशी पुढच्या बैठकीत करावी.